इंगळाईचा विस्तव

"रोज सकाळी आपल्याच हातानं पेटत्या चुलीवर पाणी ओततीया म्हणं. अन् मग राखंवर हात ठिवून वरच्या आळीचं नाव घेती, अन् त्या राखंतनं..."

राखेतून काय, ते सारजाला ऐकायला मिळालं नाही. तिची घागर खडकाला लागून ठणकन वाजली आणि पाणवठ्यावरच्या दोघी बाया गप्प झाल्या. एकीनं पिळलेलंच लुगडं पुन्हा पिळायला घेतलं, दुसरीनं उगाच आभाळाकडं पाहिलं.

सारजाला अर्धी बातमी म्हणजे दातात अडकलेला कोंडा. निघेपर्यंत चैन नाही. त्यातून बातमी होती कोंडाबाईची, आणि कोंडाबाईच्या घराची भिंत ती सारजाच्या घराची भिंत. भिंतीपलीकडं एवढं घडावं आणि आपल्याला ते पाणवठ्यावर कळावं, याचाच तिला जास्त राग आला.

हे कधीचं, तर आगपेटी अजून घाट चढून तांबेघळला पोचली नव्हती, तेव्हाचं. त्या दिवसांत विस्तव घरात जपावा लागे, जसं तान्हं मूल जपतात तसा. रात्री जेवणं झाली की बाया चुलीतला इंगळ, लाल निखारा, राखेखाली निजवत आणि सकाळी राख बाजूला सारून फुंकर घालत. एखादे दिवशी इंगळ विझलेला निघाला, तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारच्या दारात जायचं आणि म्हणायचं, विस्तव देता का. मग त्या घरच्या चुलीपाशी गोवरी पेट धरेपर्यंत टेकायचं. याचे नेम दोनच, पण ते पूर्वजांपासूनचे. मागितलेल्या विस्तवाला नाही म्हणायचं नाही, आणि न मागता विस्तव कुणाला द्यायचा नाही. न मागता दिलेला विस्तव घराला लागतो, असं म्हणतात.

तांबेघळच्या मधून ओढा वाहतो. ओढ्याच्या अलीकडं खालची आळी, पलीकडं वरची. वरच्या आळीच्या माळावर गवत उदंड, खालच्या आळीच्या घळीत कळकाची, बांबूची बेटं. त्यामुळं घर शाकारायचं तर गवत तिकडचं आणि कळक इकडचा. दोन्ही आळ्या सावडीनं, कामाला काम देऊन, एकमेकांची घरं शाकारत, एकमेकांची शेतं नांगरत. देवानंच गाव असं वाटून दिलं होतं की भांडायची सोय नको.

पण माणूस सोय काढतोच. एका बेंदराला, बैलांच्या सणाला, मिरवणुकीचे बैल तोरणाखाली उभे होते. पहिल्या बैलाचा मान वरच्या आळीचा. खालच्या आळीच्या एका बैलाला कुणीतरी गुळाचा खडा जास्त चारला असेल, नाहीतर ढोलाला तो बुजला असेल. कासरा तोडून तो सुटला आणि तोरण शिंगावर घेऊन सगळ्यांच्या आधी पलीकडं जाऊन उभा राहिला. बैलाच्या मनात काही नव्हतं, तो तिथं शेण टाकून रवंथ करू लागला. माणसांनी मात्र काठ्या काढल्या. डोकी फुटली, शपथा झाल्या. ओढा कुणी ओलांडायचा नाही, आणि ओढ्यावरून विस्तवसुद्धा जाऊ द्यायचा नाही. जो ओलांडील तो वाळीत.

त्या भांडणात सगळ्यांचंच काही ना काही गेलं. कोंडाबाईची लेक गेली. म्हणजे जिवंत होती, सुखात होती, पण ओढ्यापलीकडं होती. धुरपा तिचं नाव. बेंदराच्या आधीच्या उन्हाळ्यात तिला वरच्या आळीत दिली होती. आईच्या उंबऱ्यातून तिच्या घराचं आढं दिसायचं. हाक मारली तर पोचेल एवढं अंतर, पण हाकेचीसुद्धा बंदी. कोंडाबाईच्या कपाळी कुंकू नव्हतं, पोटाला दुसरं मूल नव्हतं. ती रोज सकाळी उंबऱ्यात बसून लेकीच्या घरचा धूर बघायची. धूर पांढरा दाट आला तर म्हणायची, लाकडं ओली आहेत पोरीची. लवकर आला तर म्हणायची, पाव्हणे आलेत. अशी काही वर्षं गेली, आणि मग दोन्ही आळ्यांत फिरणाऱ्या कासारानं बांगड्या भरता भरता हळूच सांगितलं, की धुरपाला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, आणि माहेर तर ओढ्याअलीकडं.

असल्या बाईबद्दल पाणवठ्यावर कुजबुज सुरू झाली होती. सारजानं दुसऱ्याच दिवशी पहाट फुटताना सामायिक भिंतीतल्या कोनाड्याचा दगड सरकवला आणि डोळा लावला.

पाहते तो खरंच. कोंडाबाईनं चूल पेटवली नाही, उलट तांब्याभर पाणी चुलीच्या तोंडात ओतलं. चर्र झालं, वाफ आढ्याला गेली. मग तिनं मागं वाकून राखेवर हात ठेवला, ओठ हलवून काहीतरी पुटपुटली, पदर सावरला आणि गोवरी उचलून बाहेर पडली. पेटत्या चुलीवर पाणी घालणं म्हणजे लक्ष्मीच्या तोंडावर पाणी मारणं. करणीशिवाय असं कोण करील?

ती तशीच मागोमाग निघाली. कोंडाबाई आळीच्या टोकाच्या घरी गेली, विस्तव मागितला आणि चुलीपाशी बसली. गोवरी जाड होती आणि अर्धी ओली, धरता धरेना. तोवर कोंडाबाई त्या घरच्या सुनेशी बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी दुसरं घर, पुन्हा तसलीच ओली गोवरी. तिसऱ्या घरी तर सारजाचं आणि त्या घराचं बोलणं नव्हतं, म्हणून ती बाहेर चिखलात ताटकळली.

कारण बेंदरापासून खालच्या आळीतही कोण कुणाकडं जाईनासं झालं होतं. भांडायची सवय लागली की माणूस ती घरीही घेऊन येतो. आधी ओढ्यापलीकडची माणसं परकी झाली, मग शेजारची. दारं ओढून घेतलेली, ज्याची चूल त्याच्यापुरती.

शेवटी सारजाला राहवेना. तिनं कोंडाबाईला गाठून तोंडावर विचारलं, की बाई, ही कसली करणी लावलीयस.

कोंडाबाई हसली म्हणतात. म्हणाली, "सारजे, माझ्या घरात विस्तव असला, तर मी कुनाच्या दारात कशापायी जाऊ?"

"नसला म्हंजी?"

"नसला की जावं लागतं. आन् मागणाऱ्याला नाही म्हनता येत न्हाई."

"आन् गोवरी वली कशाला?"

"सुकी भुरुकन पेटती. मग बसायचं कशाच्या जिवावर?"

मग सारजाच्या ध्यानात एकेक गोष्ट यायला लागली. ज्या घरी कोंडाबाई गोवरी धरेपर्यंत बसायची, तिथं तिला कळायचं की यांचं जातं बोथटलंय. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चुलीपाशी ती ते सहज बोलायची, आणि संध्याकाळी कुणीतरी छिन्नी-हातोडा घेऊन जात्याला टाकी लावायला जायचं. कुणाची म्हैस अडलेली, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली. बोलणं गोवरीबरोबर या घरातून त्या घरात जायचं. हळूहळू बाकीच्या बायाही विसरल्यागत एखादे दिवशी विस्तव विझू देऊ लागल्या. सारजानंही दिला विझू, आणि जिच्याशी बोलणं नव्हतं तिच्याच घरी गेली. कारण त्या दिवशी तिच्या दारात चिखलात उभं राहून आत काय बोलणं चाललंय ते ऐकू आलं नव्हतं.

असं करता करता खालच्या आळीच्या चुली एकमेकींना बिलगल्या. पण ओढा तिथंच होता.

आणि मग ती श्रावणातली झड लागली. असली झड गावानं पुन्हा पाहिली नाही असं म्हणतात. ऊन म्हणजे काय ते पाखरंसुद्धा विसरली. सावड मोडल्यापासून घरं नीट शाकारलेली नव्हती, वरच्या आळीत कळक नव्हता, खालच्या आळीत गवत नव्हतं. दोन्हीकडं छपरं गळत होती आणि पाणी चुलीत ठिबकत होतं. खालच्या आळीत एकीची चूल विझली की ती दुसरीकडं जायची, दुसरीची विझली की तिसरीकडं. विस्तव जागता राहिला. वरच्या आळीत मात्र एकीची विझली, ती लाजेनं दार लावून बसली. दुसरीची विझली, तिनं वासही लागू दिला नाही. कोण कुणाकडं मागणार? एका सकाळी कोंडाबाई उंबऱ्यात बसली आणि तिला पलीकडं एकाही आढ्यावर धूर दिसला नाही.

धुरपाचे दिवस भरत आले होते.

दुपारच्या सुमाराला ओढ्याच्या आवाजातून पलीकडनं कण्हण्याचा आवाज आला. तो दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता, आईला आला. बाळंतिणीला ऊन पाणी नाही, बाळाला शेकायला इंगळ नाही, आणि असल्या गारठ्यात जन्मलेलं मूल पहिली संध्याकाळ बघत नाही, हे दोन्ही आळ्यांना ठाऊक होतं.

कोंडाबाईनं त्या दिवशी गोवरी घेतली नाही. तिनं मोठं मातीचं खापर घेतलं आणि ती आधी सारजाच्याच घरी आली. सारजाचे सासरे बाजीनाना सोप्यात बसले होते. ओढ्याची शपथ सगळ्यांत आधी घातली ती यांनीच. खालच्या आळीत त्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नसे.

"विस्तव पायजे हुता, नाना."

"एवढं खापर कशाला?"

"चूल मोठी हाय."

"कुनाची?"

"इझलेली."

नानांनी खापर न्याहाळलं. मग म्हणाले, "आपला विस्तव वढ्यापलीकडं जात न्हाई, कोंडे. तुला जायचंच आसंल तर तुझ्या चुलीतला ने. मग तू जान आन् तुझी लेक जानं."

"माझ्या चुलीवर म्या सकाळीच पानी घातलंय. इचारा सारजाला."

सारजानं पदराआडून मान हलवली. पाहिलंच होतं तिनं, रोजच पाहायची.

आता नानांची पंचाईत झाली. शपथ त्यांची होती, पण मागितलेल्या विस्तवाला नाही म्हणायचं नाही, हा नेम शपथेहून जुना. त्यांच्या बापानं वैऱ्याला विस्तव दिला होता, आज्यानं दरोडेखोराला. नाना उठले आणि तोंड भिंतीकडं करून बसले.

"सारजा, माझे डोळे गेल्यात आता," ते म्हणाले. "तू काय करतीस त्ये मला दिसत न्हाई."

सारजानं सांडशीनं चुलीतला सगळ्यांत तेजाळ इंगळ उचलला आणि खापरात ठेवला. आणि मग कुणी न सांगता पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं भिंतीवरून काढून तीही निघाली. आपण का निघालो, हे तिला कधीच नीट सांगता आलं नाही. पुढं काय होतंय ते बघायला, असं ती म्हणायची.

कोंडाबाई आळीच्या प्रत्येक दारात गेली. प्रत्येक घरी तिनं तेच म्हटलं, विस्तव देता का. हा विस्तव कुठं जाणार ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एकाही घरानं नाही म्हटलं नाही. खापर भरत गेलं. शेवटच्या घरातून ती बाहेर पडली तेव्हा ते असं लाल झालं होतं, की पावसातही त्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. दारादारांतून माणसं बघत होती. त्या दिवसापासून तिला कुणी कोंडाबाई म्हटलं नाही. इंगळाई म्हणू लागले.

ती ओढ्यात उतरली. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. खापर डोक्यावर होतं. असं म्हणतात, की ओढ्यानं तिच्यापुढं अंग चोरलं. पाऊस तिच्या डोक्याच्या हातभर वरूनच दोन्हीकडं फुटून गेला आणि एक थेंब विस्तवावर पडला नाही. इरल्याचं कुणी सांगत नाही. सारजा गळ्याइतक्या पाण्यात दोन्ही हातांनी ते खापरावर धरून चालली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प होती. पण तिच्या पायाखालची वाळू सरकत होती, इंगळाईची सरकत नव्हती, हे मात्र तिनं स्वतः पाहिलं.

पलीकडच्या काठावर वरच्या आळीतले पुरुष घोंगड्या घेऊन उभे होते. एक म्हणाला, की आमचा धूर दिसेना म्हणून खालच्या आळीचं पोट दुखायला लागलं काय. कुणी हसलं नाही. इंगळाई काठाशी आली, आणि तिथंच थांबली. गुडघाभर पाण्यात, खापर डोक्यावर. एक पाऊल पुढं टाकलं नाही की तोंडातून शब्द काढला नाही.

घरातून धुरपाचा आवाज आला. आता तो सगळ्यांनाच ऐकू आला.

सारजा कुजबुजली, "अगं, जा की. हुबी का?"

"मागितल्याबिगर कसा देऊ? घराला लागतो."

"लेक हाय ती तुझी."

"म्हनूनच."

तिचं तोंड सारजाला दिसत होतं. त्यावरून पाणी ओघळत होतं, ते पावसाचं होतं का दुसरं, हे सांगता येत नव्हतं. खापराची धग डोक्यावरच्या चुंबळीतून उतरत होती. पाय पाण्यात गारठत होते. पुरुष एकमेकांकडं बघत होते. मागायचं म्हणजे शपथ मोडायची, आणि मोडणारा पहिला कोण?

मग धुरपाच्या घराचं दार उघडलं. तिची सासू म्हाळसाबाई बाहेर आली. अंगानं थोराड, जिभेनं तिखट. बेंदराच्या दिवशी खालच्या आळीला तिच्याइतक्या शिव्या कुणी दिल्या नव्हत्या. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात गोवरी. ती आपल्या पुरुषांच्या मधून चालत आली, कुणाकडं न बघता. काठावर आली आणि उभी राहिली. तिनं गोवरी पुढं केली. कितीतरी वर्षांत दोघींचे डोळे पहिल्यांदा भेटले.

"विहीणबाई," ती म्हणाली, "विस्तव देता का?"

इंगळाईनं खापर खाली घेतलं. आधी म्हाळसाबाईची गोवरी चाचपली. मग म्हणाली, "देते की. पर गोवरी वली हाय तुमची. धरंपतुर बसावं लागंल मला."

"बसा," म्हाळसाबाई म्हणाली. "बसायलाच या."

असं म्हणतात, की त्या घरात इंगळाईनं पाऊल टाकलं आणि चूल फुंकर न घालता पेटली. सारजा सांगायची, की फुंकून फुंकून दोघी विहिणींचे डोळे लाल झाले होते. पण चूल पेटली, पाणी उकळलं, आणि दिवस मावळायच्या आत धुरपाला मुलगी झाली. ती रडली ती ओढ्याच्या अलीकडं ऐकू गेली. तोवर खापराभोवती वरच्या आळीतल्या साऱ्या बाया गोवऱ्या घेऊन जमल्या होत्या. प्रत्येकीनं मागितलं, प्रत्येकीला मिळालं. कुठल्या घरचा इंगळ कुठल्या चुलीत गेला, हे कुणाला कळलं नाही, आणि ते तसंच बरं झालं. उद्या रुसायचं तर कुणाच्या विस्तवावर रुसायचं?

सारजा परत आली तेव्हा बाजीनाना उंबऱ्यात उभे होते. डोळे परत आले होते. ओढ्यापलीकडं आढ्याआढ्यावर धूर चढत होता.

"धूर कुनाच्या घरचा गं त्यो?" त्यांनी विचारलं.

"आपल्याच घरचा, मामंजी."

दुसऱ्या दिवशी नाना स्वतः घळीत गेले आणि वरच्या आळीसाठी कळक तोडायला लागले. माळावरनं गवताचे भारे इकडं आले. सावड पुन्हा सुरू झाली.

इंगळाई पुढं पुष्कळ जगली. आता तिला फिरायला दोन आळ्या होत्या. नातीला कडेवर घेऊन ती रोज कुणाच्या तरी चुलीपाशी बसलेली असायची. म्हातारपणी डोळे अधू झाले तरी धुरावरनं घर ओळखायची. ती गेली त्या दिवशी गावातल्या सगळ्या चुली आपोआप विझल्या आणि सगळा धूर एक होऊन डोंगरावर गेला, असं म्हणतात.

आजही तांबेघळला बेंदराच्या सकाळी सगळ्या चुली विझवतात. आता चुली कुठं राहिल्यात, शेगड्या आहेत, पण सिलिंडरची कळ बंद करतात. मग गोवरीचा तुकडा घेऊन जो तो ओढ्याच्या पुलावरून दुसऱ्या आळीत जातो आणि म्हणतो, विस्तव देता का. मागितलं, की मगच त्या घरची बाई काडी ओढून शेगडी पेटवते. घाईघाईनं घेऊन पळायचं नाही, गोवरी धरेपर्यंत बसायचं. रस्त्याकडेच्या नव्या घरांत भाड्यानं राहायला आलेली माणसंसुद्धा जातात. पहिल्या वर्षी दारात अवघडून उभी राहतात, मागायची सवय नसते त्यांना. घरची बाई काही देत नाही, नुसती वाट बघत राहते. त्यांनी मागितलं, की मग हसून पाट मांडते. आणि संध्याकाळी तोरणाखालून पहिला बैल कुणाचाच जात नाही. आधी पेटतं खापर डोक्यावर घेतलेली बाई जाते, मग बैल. त्या बाईवर एकजण इरलं धरते, पाऊस असो नसो.

राहता राहिली ती पाणवठ्यावरची अर्धी बातमी.

इंगळाई गेली त्या दिवशी तिची चूल सारवायला सारजाच गेली होती. चुलीच्या तोंडातली राख ओली, गार. तिनं ती भरली. मग चुलीमागच्या औलात, म्हणजे त्या लहानशा तोंडात, जिथं कालवण गरम राहावं म्हणून ठेवतात, तिथं हात घातला आणि झटकन मागं घेतला. राखेखाली पोटाशी धरल्यासारखा एक इंगळ जिवंत होता.

सारजा तिथंच बसली. रोज सकाळी पाणी पडायचं ते पुढं. हात ठेवला जायचा तो मागं, धग आहे का बघायला. आणि वरच्या आळीचं नाव नव्हे, लेकीचं नाव घेतलं जायचं. विस्तव त्या घरातून एक दिवसही गेला नव्हता. झडीतल्या त्या दुपारीसुद्धा. लेक पलीकडं कण्हत होती, घरात इंगळ होता, आणि ही बाई तो तिथंच ठेवून दारोदार मागत फिरली होती.

सारजानं आयुष्यात पोटात ठेवलेली ही एकच गोष्ट. मरताना तिनं ती सुनेला सांगितली, सुनेनं तिच्या सुनेला. बेंदराच्या सकाळी तांबेघळला औषधालाही विस्तव नसतो, असं सगळे म्हणतात. ते अर्धं खरं आहे. ओढ्याकाठच्या एका घरात, सारजाच्या सुनांनी जपलेल्या जुन्या चुलीमागच्या औलात, राखेखाली एक इंगळ असतो. त्या घरची बाई त्यावर हात ठेवते, धग बघते, आणि गोवरी घेऊन मागायला निघते.